राखीव फर्स्ट बेसमन कसा शोधावा

बेसबॉलमध्ये फर्स्ट बेसमन, म्हणजे फलंदाज धावत गाठतो त्या पहिल्या बेसवरचा (ठाण्यावरचा) क्षेत्ररक्षक, जखमी झाला की बरेच संघ बाकावर नजर टाकतात आणि ज्याची बॅट चालते त्याला पहिल्या बेसवर उभं करतात. ‘तिथं काय, नुसता चेंडू तर झेलायचा’ हा समज संघाला महागात पडतो. ग्राउंड बॉलवरचे (जमिनीवरून गेलेल्या फटक्यावरचे) बहुतेक आऊट शेवटी याच माणसाच्या मिटमध्ये (खास हातमोज्यात) पुरे होतात. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) जिवाच्या आकांताने चेंडू अडवून फेकला आणि समोरच्याला तो घेता आला नाही, तर सगळं मुसळ केरात. म्हणून आधी हात बघा, बॅट नंतर.

१. तो कशासाठी हवा, हे ठरवा

मुख्य खेळाडूला आठवड्यातून एखादा दिवस विश्रांती द्यायची आहे? तो डावखुरा फलंदाज असून डावखुऱ्या पिचरसमोर (फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्यासमोर) अडखळतो, म्हणून उजवा जोडीदार हवा आहे? की शेवटच्या दोन इनिंगमध्ये आघाडी राखायला भक्कम क्षेत्ररक्षक हवा आहे? तिन्हीची उत्तरं वेगळ्या माणसांकडे नेतात. मेजर लीगच्या (उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या) रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, हंगामाचा बहुतेक काळ २६ जागा असतात आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास पिचर अडवतात. उरलेल्या जागांत फक्त पहिला बेस सांभाळणारा माणूस बाकावर ठेवणं परवडत नाही. त्याला आणखी एखादी जागा खेळता आलीच पाहिजे.

२. आधी घरातच शोधा

कॅचरपासून (फलंदाजामागे बसून पिचरचा चेंडू झेलणाऱ्यापासून) सुरुवात करा. जमिनीलगतच्या चेंडूची त्याला भीती नसते आणि पहिल्या बेसवर त्याच्या गुडघ्यांनाही आराम मिळतो. स्कॉट हॅटेबर्ग मुळात कॅचर; कोपराच्या दुखापतीमुळे थ्रो जमेनासा झाला, तेव्हा मेजर लीगमधल्या ओकलंड संघाने २००२ साली त्याला पहिल्या बेसवर आणलं. जो माउअरही २०१४ मध्ये कॅचरची जागा सोडून तिथं आला. बस्टर पोझी तर कॅचर असतानाच अधूनमधून पहिला बेस सांभाळायचा. त्यानंतर थर्ड बेसमन बघा आणि मग कॉर्नर आऊटफिल्डर (दूरच्या मैदानात डाव्या किंवा उजव्या बाजूचा क्षेत्ररक्षक), विशेषतः डाव्या हाताने फेकणारा. डावखुऱ्याला दुसऱ्या बेसकडे थ्रो करताना अंग वळवावं लागत नाही आणि त्याचा मिटचा हात इनफिल्डच्या (बेसमधल्या आतल्या मैदानाच्या) बाजूला राहतो. हा फायदा खरा आहे, पण केवळ त्यासाठी चांगल्या उजव्या खेळाडूला डावलू नका.

३. मैदानावर परीक्षा घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. थर्ड बेसपासून फर्स्टपर्यंतचं सरळ अंतर साधारण १२७ फूट. एवढ्या लांबून इनफिल्डरना मुद्दाम वाईट थ्रो करायला सांगा: काही पायापाशी टप्पा पडणारे, काही बेसच्या आतल्या-बाहेरच्या बाजूला भरकटणारे, काही डोक्यावरून जाणारे. छातीवर आलेला चेंडू कोणीही घेतो. त्यावरून काही कळत नाही.

चेंडूआधी पायांकडे बघा. उमेदवाराने धावत बेसपाशी येऊन फेकणाऱ्याकडे तोंड करावं आणि ज्या हाताने तो फेकतो त्या बाजूचा पाय बेसच्या कडेला टेकवावा. पाय मधोमध ठेवला तर धावणाऱ्याच्या बुटाखाली घोटा सापडतो. दुसरा पाय त्याने लगेच लांबवू नये. थ्रोची दिशा कळायच्या आत जो ताणून उभा राहतो, त्याला बाजूला गेलेला चेंडू गाठता येत नाही. टप्पा पडून येणाऱ्या चेंडूला मिट खालून पुढे न्यायला हवं. मान फिरवणारा, डोळे मिटणारा किंवा मिट वरून खाली दाबणारा गडी लगेच ओळखू येतो. त्यातलं काही सरावाने सुटतं, भीती मात्र सहसा सुटत नाही.

आणखी एक गोष्ट बघा: हाताबाहेरच्या थ्रोसाठी तो बेस सोडतो का? एक आऊट हुकला तरी चालेल, पण चेंडू मागे कुंपणापर्यंत गेला तर धावणारा दुसऱ्या बेसवर पोचतो. हा निर्णय क्षणात घेणारा माणूस मला लांब फटके मारणाऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो.

बंटवर (बॅट न फिरवता हलकेच टेकवलेल्या चेंडूवर) पुढे धावणं, पिचर बेसकडे येत असताना त्याला चेंडू हलकेच आणि वेळेवर देणं, आऊटफिल्डच्या थ्रोला मध्ये उभं राहून अडवणं, हेही तपासा. शिकण्याची तयारी असेल तर या गोष्टी काही आठवड्यांत जमतात.

४. घरात नसेल तर बाहेर

व्यावसायिक संघाने आधी आपल्या ट्रिपल-ए (मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीवरच्या) संघाकडे बघावं, मग वेव्हरवर सुटलेल्या (मूळ संघाने सोडलेल्या, इतरांना घेता येणाऱ्या) खेळाडूंकडे. अनुभवी पण करार न मिळालेला खेळाडू मायनर लीगच्या (खालच्या पातळीच्या लीगच्या) करारावर स्प्रिंग ट्रेनिंगला (हंगामाआधीच्या सराव शिबिराला) बोलावता येतो. त्यात धोका कमी. ट्रेड (दुसऱ्या संघाशी खेळाडूंची अदलाबदल) करायचाच तर राखीव माणसासाठी चांगला तरुण पिचर देऊन बसू नका. तारखेचंही भान ठेवा: ३१ ऑगस्टनंतर बाहेरून आणलेला खेळाडू पोस्टसीझनमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीत) खेळवता येत नाही. हौशी संघाला हे व्याप नाहीत. तिथं सरावाला नियमित येणारा, उंच, मऊ हातांचा खेळाडू निवडा आणि त्याला शिकवा.

५. मिट द्या आणि खेळवा

फर्स्ट बेसचं मिट साध्या ग्लोव्हपेक्षा लांब आणि खोलगट असतं. ते नवं असेल तर कडक असतं, चेंडू उसळून बाहेर पडतो. म्हणून निवड झाल्याच्या दिवसापासून त्याच्या हातात त्याचं स्वतःचं मिट असू द्या.

न्यूयॉर्क यांकीजचा फर्स्ट बेसमन लू गेरिग सलग २,१३० सामने खेळला. २ मे १९३९ ला डेट्रॉइटमध्ये तो स्वतःहून बसला, तेव्हा बेब डालग्रेन त्याच्या जागी आला, त्याने होम रन (सगळे बेस फिरून धाव देणारा फटका) मारला आणि यांकीजनी सामना २२-२ असा जिंकला. असं दरवेळी होत नाही. बाकावर गंजलेला खेळाडू अचानक उभा केला की पहिला वाकडा थ्रो त्याच्याच पायात येतो. त्यामुळे दर आठवड्याला त्याला एक सामना द्या. बाकीच्या दिवशी सामन्याआधीच्या सरावात इनफिल्डरचे थ्रो त्यालाही घेऊ द्या. कोणाचा चेंडू आत वळतो, कोणाचा खाली बसतो, हे त्याला त्यांच्यासमोर उभं राहूनच कळतं.