२०४७ चा आलेख बघून हुरळण्याआधी या चुका टाळा

२६ जानेवारीला मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सत्यनारायण होता. प्रसादाच्या शिऱ्याबरोबर एका गुंतवणूक सल्लागाराचं प्रेझेंटेशनही वाट्याला आलं. पडद्यावर भारताच्या अर्थव्यवस्थेची २०४७ पर्यंत चढत गेलेली रेघ आणि वर ठळक अक्षरांत '११ टक्के वाढ'. दुसऱ्या मजल्यावरचे काका लगेच मोबाइलवर हिशोब करायला लागले. मी विचारलं, "ही वाढ महागाई धरून की वगळून?" सल्लागारांनी पुढची स्लाइड लावली.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बातम्यांमध्ये जीडीपी वाढीचा जो दर येतो, तो सहसा स्थिर किमतींवरचा, म्हणजे महागाई वगळून असतो. साडेसहा-सात टक्क्यांत चार टक्के महागाई मिसळली की अकरा झालेच! हा झाला चालू किमतींवरचा, म्हणजे महागाई धरून काढलेला दर. २२ वर्षं ११ टक्के धरले तर अर्थव्यवस्था जवळपास दहापट दिसते, साडेसहा धरले तर चौपट. आकडा डॉलरमध्ये असेल तर रुपयाचा भाव काय धरलाय तेही बघा. २०११ च्या मध्यात डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२४ संपताना ८५ च्या पुढे.

दुसरी चूक म्हणजे लक्ष्यालाच अंदाज समजणं. २०२४-२५ पर्यंत पाच ट्रिलियन डॉलर, हे २०१९ मध्ये सरकारने ठेवलेलं लक्ष्य होतं. ते वर्ष संपलं तेव्हा आकडा चारच्या आतच होता. मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्जांवर न्यायची, हा नीती आयोगाचा आराखडाही लक्ष्यच आहे. त्यासाठी दरवर्षी दोन आकडी वाढ लागेल, तीही डॉलरमध्ये. फ्लॅट विकणारे मात्र तो आकडा झाल्यातच जमा धरून सांगतात.

मग खरे अंदाज शोधायचे कुठे? आंतरराष्ट्रीय नाणेनिधी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये पुढच्या पाच वर्षांचे आकडे देतो. जागतिक बँक जानेवारी आणि जूनमध्ये देते, पण तिची नजर दोन-तीन वर्षांपलीकडे जात नाही. नाणेनिधीचे जुने अंकही उघडून बघा, मी तर आधी तेच बघतो. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी भारतासाठी १.९ टक्के वाढ धरली होती; प्रत्यक्षात अर्थव्यवस्था ५.८ टक्क्यांनी आकसली. आणि हो, त्यांच्या तक्त्यात भारतापुढे '२०२०' म्हणजे २०२०-२१ हे आर्थिक वर्ष. दोन ठिकाणचे आकडे जुळत नसतील तर आधी हे तपासा, मग आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती स्थिर धरून वाढ मोजतात ते वर्ष. २०१५ मध्ये आधारवर्ष आणि मोजणीची पद्धत बदलली तेव्हा २०१३-१४ ची वाढ ४.७ वरून एकदम ६.९ झाली होती.

पाच वर्षांपलीकडचं जे काही असतं ते लोकसंख्या, उत्पादकता वगैरेंबद्दलची गृहीतकं. लँट प्रिचेट आणि लॉरेन्स समर्स या अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये अनेक देशांचा इतिहास तपासून दाखवलं की झपाट्याची वाढ क्वचितच टिकते, बहुतेक देश पुन्हा सरासरीकडे घसरतात. तेव्हा वीस वर्षं एकच दर धरणारी रेघ दिसली की मी पहिल्यांदा गृहीतकांचं पान शोधतो.

सल्लागारांची पीडीएफ दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. काकांनी शेवटचं पान दोन बोटांनी मोठं करून मला दाखवलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दर चालू किमतींनुसार'.