चार बँडची रात्र उभ्याने कशी काढावी

रॉक कॉन्सर्टच्या पोस्टरवर चार बँडची नावं असतात. सगळ्यात मोठ्या अक्षरातलं नाव सगळ्यात शेवटी वाजवतं आणि बहुतेकांनी तिकीट त्याच्यासाठीच काढलेलं असतं. मग पहिले दोन बँड ही मंडळी बाहेर गप्पा ठोकत घालवतात. मला हे अजिबात पटत नाही. दारं उघडली की आत जा आणि पहिल्या बँडपासून ऐका. १९६७ साली गिटारवादक जिमी हेंड्रिक्स 'द मंकीज' या पॉप बँडच्या आधी वाजवत होता आणि समोरची पोरं त्याच्या गिटारवर मंकीजच्या नावाने ओरडत होती. थोड्याच कार्यक्रमांनंतर त्याने तो दौरा सोडला. त्या पोरांनी काय ऐकायचं सोडलं, याचा विचार केला तरी मला कसंतरी होतं.

आधी थोडा अभ्यास करा, पण परीक्षेसारखा नको. ओळखीच्या नसलेल्या प्रत्येक बँडची दोन-तीन गाणी ऐका, जमल्यास लाइव्ह रेकॉर्डिंगच. सूर ओळखीचा झाला की गोंगाटातही गाणं सापडतं. वेळेचा साधारण हिशोबही मनात असू द्या. पहिल्या बँडला अर्धा तास, मधल्यांना चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, हेडलाइनरला, म्हणजे शेवटच्या मोठ्या बँडला, दीड तास आणि प्रत्येक बदलाला वीस-तीस मिनिटं. म्हणजे चार-पाच तास पायांवर. म्हणून पुढून बंद असलेले, पायात मुरलेले बूट घाला, लेसला दुहेरी गाठ मारा आणि मोठी बॅग घरी ठेवा. कपड्यांबद्दल एवढंच पुरे.

आता कान. इथे मी हट्टी आहे, इअरप्लगशिवाय कुणाला सोबत नेत नाही. कामाच्या जागी आवाजाची जी मर्यादा शास्त्रज्ञ सुचवतात ती ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलपर्यंत पोचलात की उरतात फक्त पंधरा मिनिटं. रॉक कॉन्सर्टमध्ये १०० सहज गाठले जातात, म्हणजे दिवसभराचा कोटा पहिल्याच बँडच्या निम्म्या वादनात संपतो आणि अजून तिघं यायचे असतात.

फोमचे प्लग स्वस्त आणि चांगले, फक्त ते वरच्या पट्टीचे आवाज जास्त गिळतात. त्यामुळे झांजा आणि गाण्याचे शब्द बोथट ऐकू येतात. वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग सगळे सूर साधारण सारख्या प्रमाणात कमी करतात. परवडत असतील तर तेच घ्या. फोमचा प्लग नुसता कानात कोंबू नका. बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. पहिला सूर वाजायच्या आधीच हे उरका. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत राहिली, तर कालचा आवाज तुमच्या कानांना झेपला नाही असं समजा.

उभं कुठे राहायचं? स्टेजसमोरच्या बॅरिकेडला चिकटलात तर ड्रमर घामाने भिजलेला दिसेल, पण आवाज तिथे धड नसतो. गिटारचे अॅम्प (आवाज वाढवणारे खोके) आणि ड्रम थेट स्टेजवरून अंगावर येतात, सबवूफर म्हणजे खर्जाचा स्पीकर छातीत धडधडतो आणि मुख्य स्पीकरमधला गायकाचा आवाज डोक्यावरून मागे निघून जातो. प्रेक्षकांच्या मधोमध मिक्सिंग कन्सोल, म्हणजे सगळे आवाज जुळवायचं टेबल, असतो. साउंड इंजिनियर तिथे उभा राहून जे ऐकतो त्यावरच आवाज बसवतो, त्यामुळे त्याच्या आसपासची जागा सगळ्यात उत्तम. माझा बेत असा: पहिल्या बँडला गर्दी विरळ असते, तेव्हा अगदी पुढे जाऊन वादकांची बोटं बघून घ्यायची. नंतर हळूहळू मागे सरकत हेडलाइनरच्या वेळी कन्सोलजवळ. बहुतेक लोक याच्या बरोबर उलट जातात, म्हणून वाटही मोकळी मिळते.

दोन बँडमधल्या वेळात मोबाइल काढण्यापेक्षा स्टेजकडे बघा. मागे काळ्या कापडाखाली झाकलेला ड्रमसेट बहुधा हेडलाइनरचा. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी, सहसा उलट्या क्रमाने होतो: हेडलाइनर आधी, पहिला बँड शेवटी, म्हणजे पहिल्या बँडचं सामान स्टेजवर तसंच राहतं. मधल्यांच्या वाट्याला कार्यक्रमाच्या ऐन वेळी फक्त लाइन चेक येतो. एकेका माइकमधून आवाज येतोय ना, एवढंच पाहिलं जातं. म्हणून त्यांचं पहिलं गाणं फिसकटल्यासारखं वाटतं, गायक बुडतो, बेस घोंगावतो. इंजिनियर वाजता वाजता ते सावरत असतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत बँडला नावं ठेवू नका.

बाथरूमला मात्र बदलाच्या वेळी जाऊ नका, तेव्हा सगळं मैदान तिकडे लोटतं. ज्या बँडचं तुम्हाला फारसं सोयरसुतक नाही, त्याचं शेवटून दुसरं गाणं सुरू झालं की निघा.

मोश पिट म्हणजे स्टेजसमोर एकमेकांना धडका देत नाचणारा घोळका. त्याचे नियम लिहिलेले नसतात पण कडक असतात. कुणी पडलं की सगळे थांबून त्याला आधी उभं करतात. कडेला उभ्या असलेल्याला ओढून आत घ्यायचं नाही. कोपरं खाली, चष्मा खिशात. वरून कुणी हातांवर तरंगत आलं तर डोकं सांभाळून पुढे सरकवायचं.

गर्दीचा दाब ही वेगळी आणि खरी धोक्याची गोष्ट. २००० साली डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात 'पर्ल जॅम' हा रॉक बँड वाजवत असताना पुढच्या गर्दीत नऊ जणांचे जीव गेले. अशा वेळी माणूस मुख्यतः छाती दबून, श्वास न मिळाल्याने जातो. हात वर उचलून स्वतःच्या तोंडाला लावता येत नसेल तर तिथून निघायची वेळ झाली. हात छातीसमोर आडवे धरा, एक पाय पुढे एक मागे ठेवा, गर्दीच्या लाटेच्या विरुद्ध रेटू नका. लाट ओसरली की तिरके तिरके कडेला सरका. खाली पडलेला मोबाइल तिथेच राहू द्या, वाकू नका.

टी-शर्ट घ्यायचा असेल तर सुरुवातीलाच घ्या, नंतर तुमचं माप उरत नाही. छोट्या बँडचा घेतलात तर अधिक चांगलं. त्यांचा गिटारवादक कित्येकदा स्वतःच टेबलामागे उभा असतो आणि गिटारचा आवाज बदलायला कुठलं पेडल वापरलं ते आनंदाने सांगतो.

बँड हात हलवून आत गेला आणि दिवे अजून बंदच असले, तर जाऊ नका, ते परत येणार आहेत. सभागृहातले दिवे लागून रेकॉर्ड केलेलं संगीत सुरू झालं की कार्यक्रम आटोपला. तेव्हा दहा मिनिटं जागेवरच थांबा, दारातली चेंगराचेंगरी ओसरू द्या. पुढे असाल तर स्टेजवर चिकटवलेला सेटलिस्टचा, म्हणजे गाण्यांच्या यादीचा, कागद तिथल्या माणसाकडे नीट शब्दांत मागून पाहा, पुष्कळदा मिळतो. आणि सोबत्यांशी भेटायची जागा आत शिरण्याआधीच ठरवून ठेवा, कारण हजारो लोक एकदम मोबाइल काढतात तेव्हा कुणाचाच फोन लागत नाही.