जळणाची वखार घालायची म्हणताय?

वखारीबद्दल विचारायला येणारी बहुतेक मुलं पहिला प्रश्न गिऱ्हाइकाचा काढतात. आता घरोघरी सिलिंडर, जळण घेतंय कोण? घेतात की. धाबेवाले, बेकऱ्या, चुरमुऱ्याच्या भट्ट्या, लग्नाचे आचारी, थंडीत अजून बंब पेटवणारी घरं, आणि स्मशानभूमी. सातारा जिल्ह्यातल्या माझ्या वखारीला गिऱ्हाइकाची ददात कधी पडली नाही. या धंद्यात माणूस बुडतो तो पाण्यात, लाकडातल्या पाण्यात.

ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे 1 टन ओला माल घेतलात तर त्यात लाकूड 500 किलोच. तो वाळून 20 टक्के ओल उरली की काट्यावर भरतो 625 किलो. बाकीचे 375 किलो हवेत गेले, पण त्यांची किंमत, हमाली आणि गाडीभाडं तुम्ही मोजलेलं असतं. समजा टनाला 2500 रुपये दिले, तर ती खरेदी किलोला अडीच रुपयांची नाही, चार रुपयांची झाली. फोडाई आणि पोहोच त्याच्यावर. वहीत वाळल्या वजनाचा रकाना वेगळा ठेवा. तो नसेल तर नफा झाला की तोटा, हे तुम्हाला दिवाळीपर्यंत कळणार नाही.

ओला माल तसाच खपवायचा मोह होतो, वजन जास्त भरतं म्हणून. एकदा खपतोही. पण भट्टीची आच आधी ते पाणी उडवण्यातच जाते, धूर होतो, आणि बेकरीवाला पुढच्या खेपेला दुसऱ्याला फोन लावतो.

वाळवायचं तर आधी फोडायचं. साल न काढलेला अख्खा ओंडका महिनोन्‌महिने आतून ओला राहतो. फोडलेल्या ढलप्या एक थर उभा, एक आडवा अशा रचा, मधून वारा खेळला पाहिजे. खाली विटा किंवा दगड घाला, नाहीतर वाळवी पहिला थर खाऊन टाकते. ताडपत्री फक्त माथ्यावर; बाजू झाकल्या की आत बुरशी धरते. पावसाळ्यात विकायचा माल मार्चपर्यंत फोडून थप्पीला लागलेला हवा. जुलै-ऑगस्टात वाळलं लाकूड ज्याच्याकडे, भाव तो सांगेल तो. म्हणूनच भांडवल उन्हाळ्यात लागतं आणि सुटतं पावसाळ्यात. मधले महिने घर कशावर चालणार, हे आधी ठरवून मगच उतरा. थप्पीत हात घालताना काठीने खडखडाट करा, घोणस आणि विंचू तिथेच बसतात.

खरेदी शक्यतो वजनावर करा. शेतकरी बांधावरचं झाड उक्तं, म्हणजे न तोलता अंदाजाने एकरकमी, देऊ करतो. पण उक्त्या व्यवहाराला पारखी नजर हवी, ती यायला काही हंगाम जातात. सरळ बुंधा आरा मशीनवाल्याला जळणापेक्षा चांगल्या भावाने जातो, जळण फांद्यांचं करायचं.

आता कागद. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, खैर, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ वगैरे झाडं आहेत. शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात असली तरी ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आमच्या जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याच्या बाजूने येणाऱ्या मालात ही झाडं हमखास असतात. माण-खटाव तालुक्यांकडे बाभूळच जास्त, ती या यादीत नाही. शहरातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा वेगळा, तिथे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वाहतुकीचा पास ही तिसरी गोष्ट. सुबाभूळ, निलगिरीसारख्या काही जातींना त्यातून सूट आहे, तरी प्रत्येक जातीचं वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा. 'सगळे असंच नेतात' म्हणणारा शेतकरी गाडी अडवली जाते तेव्हा तुमच्याबरोबर नसतो. जळाऊ लाकडावर जीएसटी नाही, ती एक डोकेदुखी कमी. वजनकाट्यावर मात्र दरवर्षी शिक्का मारून घ्यावा लागतो.

गिऱ्हाईक तसं लाकूड. धाब्याला बाभूळ, तिचा निखारा टिकतो. बंबाला बारीक फोडलेलं काहीही चालतं, त्याला बंबफोडच म्हणतात. चिंच जळते झकास, पण फोडणारा शिव्या घालतो. निलगिरी ओली असतानाच फोडा, वाळली की पाचर अडकते. शेवगा, पांगारा फुकट मिळाला तरी घेऊ नका. जुन्या फर्निचरचं रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूड स्वस्त पडतं म्हणून काहीजण बेकरीला घालतात. त्यातला रंग आणि गोंद जळून पावाच्या भट्टीत उतरतो. मी ते वखारीत घेत नाही.

स्मशानभूमीचं काम वेगळं आहे. एका दहनाला साधारण 300 किलो लाकूड लागतं, आणि तिथे ओलं चालतच नाही. फोन रात्री दोनला येऊ शकतो. त्या वेळी भावाची घासाघीस कोणी करत नाही, म्हणून दर आधीच ठरवून फलकावर लावलेला असावा, सगळ्यांना एकच. नगरपालिकेचा ठेका मिळाला तर खप पक्का, पण बिलं उशिरा निघतात. तेवढी कळ सोसायची ताकद नसेल तर निविदा भरू नका.

पोहोचवायला छोटा हत्ती पुरतो. तो पाऊण टनाचा आहे हे मात्र लक्षात ठेवा, दीड टन भरून घाट चढवणारे चालक प्रत्येक गावात आहेत. माल कुठे उतरवायचा ते फोनवरच विचारा. गल्लीत गाडी जात नसेल तर डोक्यावरून वाहायची मजुरी आधी बोलून घ्यायची, ढीग रस्त्यावर पडल्यावर नाही.

शहराच्या बेकऱ्यांवर सगळा धंदा बांधू नका. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. असं उद्या पुण्यात, परवा आपल्याकडेही होऊ शकतं.

उधारी धाब्याला महिन्याची चालते, रोजचा संबंध असतो. आचाऱ्याकडून मात्र गाडी उतरवतानाच पैसे घ्या. लग्न लागलं की तो दुसऱ्या गावच्या मांडवात असतो, आणि वधूपिता म्हणतो, आम्ही त्यालाच दिले.