फिरत्या गिअरवर फोर्स कसा लावायचा (टॉर्क बरोबर दिसला म्हणून फसू नका)

अ‍ॅडम्समध्ये (यंत्रांच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) गिअरवर फोर्स लावण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, दात फिरतात पण मेशिंगची जागा, म्हणजे दोन गिअरचे दात एकमेकांत बसतात ती, फिरत नाही. दोन्ही शाफ्ट जागेवर आहेत म्हटल्यावर पिच पॉइंटपण (दोन्ही गिअरची पिच वर्तुळं जिथे टेकतात तो) जागेवरच, एक दात येतो, लोड घेतो, निघून जातो, मागून पुढचा येतो. सगळा घोळ होतो कारण सवयीने आपण दातावरच मार्कर (फोर्सची जागा किंवा दिशा ठरवणारी खूण) टाकतो आणि तो गिअरबरोबर गरागरा फिरायला लागतो.

आकडे घेऊनच बघू. स्पर गिअर, मॉड्यूल ३, २० दात, म्हणजे पिच व्यास ६० मिमी, प्रेशर अँगल २० डिग्री, टॉर्क ३० न्यूटन-मीटर, स्पीड १५०० आरपीएम. टॉर्क भागिले त्रिज्या केलं की टँजेन्शियल फोर्स १००० न्यूटन, त्याला टॅन २० ने गुणलं की रेडियल ३६४.

आता दातावर स्पेस फिक्स्ड फोर्स लावला तर दिशा स्थिर राहते पण पॉइंट फिरतो, ९० डिग्रीवर त्या १००० चा टॉर्क शून्य होतो आणि १८० वर उलटा. ही चूक लगेच पकडली जाते, स्पीड हेलकावे खाते. बॉडी मूव्हिंग, म्हणजे गिअरबरोबर दिशाही फिरणारा फोर्स लावला तर मात्र टॉर्क मस्त सरळ रेषेत ३० येतो, आणि खरा धोका इथेच आहे. मी एकदा यातच दोन दिवस घालवले, बेअरिंगच्या प्लॉटवर स्वच्छ २५ हर्ट्झची साइन वेव्ह होती आणि मी शाफ्टमध्ये अनबॅलन्स शोधत बसलो होतो. १५०० आरपीएम म्हणजे २५ हर्ट्झच की, फोर्सच शाफ्टबरोबर फिरत होता!

बरोबर पद्धत अशी. जीफोर्स (तिन्ही दिशांचे फोर्स आणि टॉर्क एकत्र देणारा पर्याय) घ्या, आय मार्कर (फोर्स जिथे लागतो तो) गिअरच्या सेंटरवर, रेफरन्स मार्कर (दिशा ठरवणारा) ग्राउंडवर, म्हणजे न हलणाऱ्या भागावर. मेशिंग प्लस एक्सच्या बाजूला आणि ड्रायव्हर गिअर प्लस झेडभोवती फिरतोय असं धरलं तर ड्रायव्हरवर एक्समध्ये मायनस ३६४, वायमध्ये मायनस १०००, आणि फोर्स सेंटरला आणल्यामुळे झेडभोवती मायनस ३०,००० न्यूटन-मिमी टॉर्क, हा टॉर्क विसरायचा नाही. रेडियल फोर्स एक्स्टर्नल गिअरमध्ये नेहमी आपापल्या सेंटरकडे, टँजेन्शियल ड्रायव्हरला अडवतो आणि ड्रिव्हनला ढकलतो. दुसरा मार्ग म्हणजे आय मार्कर ग्राउंडवर पिच पॉइंटला आणि फ्लोटिंग मार्कर (आय मार्करच्या जागीच राहून रिअ‍ॅक्शन घेणारा) गिअरवर, मग वेगळा टॉर्क लागत नाही, पण गिअरला रिअ‍ॅक्शन मिळते म्हणून सगळी चिन्हं उलटी लिहायची.

फोर्स एकदम देऊ नका, स्टेप फंक्शनने ०.१ सेकंदात चढवा नाहीतर सुरुवातीचा झटका खरा वाटतो. आउटपुट स्टेप (किती वेळाने निकाल नोंदवायचा ते) बारीक ठेवा, मेश फ्रिक्वेन्सी २५ गुणिले २० म्हणजे ५०० हर्ट्झ, एक मेश २ मिलिसेकंदांचा, दातागणिक बदलणारा लोड देणार असाल तर ०.१ मिलिसेकंद तरी हवं.

प्लॅनेटरी गिअरमध्ये (छोटे गिअर मधल्या गिअरभोवती फिरतात तो प्रकार) मेशिंगची जागा कॅरियरबरोबर, म्हणजे त्या छोट्या गिअरना धरणाऱ्या भागाबरोबर फिरते, तिथे रेफरन्स मार्कर ग्राउंडवर नाही, कॅरियरवर टाकायचा.

रन झाला की ग्रॅव्हिटी बंद करून बेअरिंग बघा. गिअर दोन बेअरिंगच्या बरोबर मध्ये असेल तर फोर्स चढल्यावर प्रत्येकी ५३२ न्यूटन (१००० आणि ३६४ चा एकत्रित फोर्स १०६४, त्याचा निम्मा) यायला हवेत, आणि नुसतं मॅग्निट्यूड बघू नका, एक्स आणि वाय वेगवेगळे प्लॉट करा. फिरत्या फोर्सलासुद्धा मॅग्निट्यूड ५३२ च दिसतं.