कायद्याचा अभ्यास आणि मुत्सद्देगिरी: दोन दगडांवर पाय ठेवताना या चुका टाळा

प्राध्यापक बोलतो ते त्याचं मत. राजदूत बोलतो ते त्याच्या देशाचं. फरक साधा आहे, पण आंतरराष्ट्रीय कायद्यातून परराष्ट्र सेवेत आलेली हुशार माणसं नेमकी इथेच घसरतात.

वर्गात 'समजा, समोरच्याचा दावा मान्य केला, तर…' असं म्हणून मुद्दा फुलवायची सवय लागलेली असते. वाटाघाटीच्या टेबलावर हा 'समजा' महागात पडतो. जुलै १९१९ मध्ये नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री इहलेन डेन्मार्कच्या दूताला तोंडी म्हणाले, की ग्रीनलँडवरच्या डेन्मार्कच्या दाव्यात नॉर्वे अडचण आणणार नाही. तह वगैरे काही झाला नव्हता, नुसतं बोलणं. १९३३ मध्ये हेगच्या तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने (आजच्या न्यायालयाच्या पूर्वसुरीने) तोच शब्द नॉर्वेवर बंधनकारक ठरवला. उलट विद्वानांच्या ग्रंथांना आजच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतलं (म्हणजे मूळ नियमावलीतलं) कलम ३८ फक्त 'दुय्यम साधन' मानतं. म्हणजे तुमच्या जाडजूड ग्रंथापेक्षा मंत्र्याच्या एका वाक्याचं वजन जास्त! त्यामुळे लेखी सूचना हातात नसेल तर 'राजधानीला विचारून कळवतो' म्हणा. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी चूक याच्या उलटी. आज मी साधा अभ्यासक किंवा निवृत्त अधिकारी आहे, काहीही बोललो तर काय बिघडतं, असं वाटतं. व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशात इस्रायलने बांधलेल्या भिंतीचा प्रश्न २००४ मध्ये याच आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे होता. न्यायाधीश नबील अल-अरबी पूर्वी इजिप्तचे मुत्सद्दी होते. त्यांनी या सुनावणीत बसू नये, अशी हरकत इस्रायलने घेतली. न्यायालयाने ती १३ विरुद्ध १ मतांनी फेटाळली. पण वेगळं मत देणाऱ्या न्यायाधीश बर्गेन्थल यांना अल-अरबींची जुनी सरकारी पदं खटकली नव्हती. खटकली ती २००१ मध्ये, न्यायाधीश होण्याआधी, वर्तमानपत्राला दिलेली एक मुलाखत. सरकारच्या वतीने केलेलं काम पदाच्या खात्यात जातं, मुलाखत मात्र तुमच्या नावावर राहते. यावर उपाय गप्प बसणं नाही. कायद्याच्या प्रश्नावर खुशाल लिहा. चालू वादात कोण बरोबर, याचा निवाडा मात्र जाता जाता देऊ नका. आणि आपण कुठे काय लिहिलं, बोललो, याची नोंद स्वतःच ठेवा. वादातल्या समोरच्या बाजूकडे ती असतेच.

मसुदा अर्थासाठी वाचणं ही अभ्यासकांची खास चूक. मसुदा शब्दासाठी वाचायचा असतो. १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिस हवामान कराराच्या अखेरच्या मसुद्यात, कलम ४ मध्ये, विकसित देशांसाठी 'शुड'च्या जागी 'शॅल' आलं होतं. पहिला शब्द अपेक्षा सांगतो, दुसरा बंधन. अमेरिकेला तो चालणार नव्हता, आणि करार संमत होण्याआधी 'तांत्रिक दुरुस्ती' म्हणून तो बदलावा लागला. आधीची आवृत्ती शेजारी ठेवून, हातात पेन घेऊन एकेक क्रियापद तपासा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

भाषेचं थोडक्यात: हेगच्या न्यायालयात इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच अधिकृत भाषा. फ्रेंच 'नंतर बघू' म्हणून टाकू नका.

शेवटची चूक निवडणुकांबाबतची. विद्वत्ता असली की पद आपोआप चालत येईल, असं नसतं. आंतरराष्ट्रीय कायद्याचे मसुदे तयार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या ३४ सदस्यांना संयुक्त राष्ट्रांची आमसभा पाच वर्षांसाठी निवडते. नावं सरकारं सुचवतात आणि जागा प्रदेशवार वाटलेल्या असतात. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या १५ न्यायाधीशांसाठी आमसभा आणि सुरक्षा परिषद, दोन्हीकडे बहुमत लागतं. इथे नावं सुचवतात ते मात्र स्थायी लवाद न्यायालयातले (देशांमधले तंटे लवादाने सोडवणारी हेगमधली वेगळी संस्था) देशोदेशीचे राष्ट्रीय गट, म्हणजे त्या त्या देशाने तिथे नेमलेले कायदेतज्ज्ञ, सरकार नव्हे. हे ठाऊक नसलेले लोक वर्षानुवर्षं मंत्रालयाचेच उंबरठे झिजवतात.