संगत चांगली, तरी फजर सुटते? या चुका टाळा

रमजाननंतरच्या शव्वाल महिन्याचा पहिला आठवडा आला की आमच्या मशिदीत फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजेच्या, सफा (रांगा) बोटांवर मोजता येतात. रमजानमध्ये बाहेरच्या ओट्यापर्यंत चटया अंथराव्या लागतात, आणि ईदनंतर चौथ्या दिवशी इमामसाहेबांच्या मागे जेमतेम दीड सफ. त्या दीड सफेत मी बरीच वर्षं नव्हतो.

मी ग्वाल्हेरच्या लष्करात राहतो. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे छावणी टाकली, छावणीचंच शहर झालं आणि नाव लष्करच राहिलं. आमच्यासारखी काही घरं फौजेबरोबर दक्षिणेतून आली. घरात मराठी, मशिदीत उर्दू, दुकानात हिंदी. दुकान शिवणकामाचं. मापं देता देता माणसं मन मोकळं करतात, आणि सगळ्यात जास्त ऐकलेलं गाऱ्हाणं एकच: "भाई, सोहबत (संगत) बदलून पाहिली, पण आपलं काही टिकत नाही."

मराठीत म्हण आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण सगळे गुणासाठी वापरतात. मला तिच्यातला 'बांधला' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. पवळ्या ढवळ्याला भेटायला गेला नव्हता. एक खुंटा, एक गव्हाण, रोजचं. कुरआनात सूरह कहफमध्ये (18:28) सकाळ-संध्याकाळ आपल्या रबला (पालनकर्त्याला) पुकारणाऱ्यांसोबत राहायला सांगितलं आहे, तिथे क्रियापद 'सब्र'चं आहे: स्वतःला त्यांच्यासोबत रोखून धरा. अरबीत सब्रचा मूळ अर्थच अडवून, बांधून ठेवणं. आपल्या बहुतेक चुका होतात त्या इथे. आपण चांगल्या माणसांना भेटतो, त्यांच्याशी बांधले जात नाही.

रमजानचं बळ आपलं समजणं

रमजानमध्ये आपण पहाटे उठतो ते इराद्याच्या जोरावर नाही. गल्लीत भांडी वाजत असतात, समोरच्या खिडकीत सहेरचा (रोजापूर्वीच्या खाण्याचा) दिवा असतो, मुलं जागी असतात, रात्रीच्या तरावीहच्या नमाजेला निघताना चार जण हाक मारतात. सगळा मोहल्ला आपलं घड्याळ फिरवत असतो. ईदनंतर ते घड्याळ आपल्या एकट्याच्या हातात येतं, आणि आपण म्हणतो, माझं ईमान कमजोर पडलं. ईमानाचं अल्लाह जाणे. उठवणारं कोणी उरलेलं नाही, एवढं मात्र नक्की.

उपाय रमजान संपायच्या आतच करायचा. शेवटच्या दहा दिवसांत एक माणूस गाठा, तुमच्याच गल्लीतला, आणि नमाजेचा एक वक्त ठरवा. नमाजा पाच फर्ज (बंधनकारक) आहेत, त्यात घासाघीस नाही. मी बोलतोय ते जमातीबद्दल, म्हणजे मशिदीत सगळ्यांबरोबर पढण्याबद्दल. जमातीच्या नमाजेला एकट्याच्या नमाजेपेक्षा 27 पट दर्जा आहे ही हदीस (पैगंबरांचं वचन) ऐकून माणूस पाचही वक्त जमातीचा करार करून बसतो आणि दहा दिवसांत पाचही जमाती सोडतो. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी सांगितलेली दुसरी हदीस तेव्हा आठवावी: अल्लाहला सगळ्यात आवडतं ते काम जे नेमाने होतं, मग ते थोडं का असेना.

जुने मित्र एका रात्रीत तोडणं

हे मी विशीत केलं. चार दिवस दीनच्या प्रचाराला निघणाऱ्या जमातीबरोबर बाहेरगावी राहून आलो आणि आल्या आल्या इथल्या कंपू भागातल्या चहाच्या टपरीवरची तिन्ही जुनी मंडळी बंद. समोरून आली तर रस्ता बदलायचा. दीड महिन्यात नव्या साथीदारांपैकी एकाची बदली झाली, दुसऱ्याचं लग्न झालं, आणि मी एकटा. पुन्हा टपरीवर गेलो तो जास्तच ओशाळून. मशीद पण गेली होती.

अशा वेळी आमच्याकडे हमखास शंभर खून करणाऱ्या माणसाची हदीस सांगितली जाते. नव्याण्णव खून केलेला तो माणूस एका राहिबाला (संन्याशाला) विचारतो, माझी तौबा (पश्चात्ताप) कबूल होईल का? राहिब नाही म्हणतो, तर त्यालाही मारतो. शंभर झाले. मग एका आलिमाकडे (धर्म जाणणाऱ्याकडे) जातो. आलिम म्हणतो, तुझ्या आणि तौबेच्या मध्ये कोण येणार? अमुक भूमीत जा, तिथे अल्लाहची इबादत करणारे लोक आहेत, त्यांच्यासोबत इबादत कर. आपल्या गावी परतू नकोस, ती वाईट भूमी आहे. तो वाटेतच मरतो. रहमतीचे (दयेचे) आणि अजाबाचे (शिक्षेचे) फरिश्ते भांडतात, अंतर मोजलं जातं, आणि तो चांगल्या भूमीच्या एक वीतभर जवळ निघतो.

ऐकणारे 'परतू नकोस' एवढंच घरी नेतात. आलिमाने आधी जायचं ठिकाण सांगितलं, तिथली माणसं सांगितली, आणि मग गाव सोडायला सांगितलं. आधी पोहोचायची जागा पाहा, मग निघा.

शिवाय प्रत्येक टपरी म्हणजे ती वाईट भूमी नव्हे. दारू-जुगारात ओढणारा, अजान झाली की टिंगल करणारा, असा मित्र असेल तर लांब राहा, आणि त्याला व्याख्यान न देता राहा. पण "जा, पढून ये, तुझा चहा झाकून ठेवतो" म्हणणारा स्वतः नमाजी नसला तरी तोडायचा माणूस नाही. मी तोडलेल्या तिघांतला एक असाच होता.

आईवडिलांच्या बाबतीत ही चूक फार जड जाते. नवा नवा दीनदार (धार्मिक) झालेला मुलगा घरात अब्बांची दाढी आणि अम्मीच्या मालिका मोजायला लागतो. सूरह लुकमानमध्ये (31:15) आईवडील शिर्क (अल्लाहबरोबर दुसऱ्याची भक्ती) करायला जोर करत असले तरी ते ऐकू नका, पण दुनियेत त्यांच्यासोबत भलेपणाने राहा, असा हुकूम आहे. 'सोबत राहा' साठी आलेला अरबी शब्द सोहबतच्याच धातूचा आहे.

मजलिसीतला ओलावा घरी टिकत नाही म्हणून खचणं

दुकानात येणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांचं दुखणं हेच. जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) बयानात, म्हणजे प्रवचनात, डोळे भरून येतात, आणि घरी येऊन वीजबिल, मुलांची फी, सासूचा फोन सुरू झाला की आत कोरडं. मग वाटतं, आपण ढोंगी. ढोंगी वाटलं की मजलिस (दीनची बैठक) सुटते, कारण तिथे जायची लाज वाटते.

हेच एका सहाबीला (पैगंबरांच्या साथीदाराला) झालं होतं. हजरत हंजला रस्त्याने म्हणत निघाले, हंजला मुनाफिक (ढोंगी) झाला! हजरत अबूबक्र भेटले. त्यांना हंजलांनी सांगितलं की पैगंबर (स.) यांच्याजवळ असताना जन्नत-जहन्नम डोळ्यांसमोर दिसते, बायकोमुलांत, कामधंद्यात परतलो की बरंचसं विसरतो. अबूबक्र म्हणाले, हे तर आमचंही होतं. दोघे पैगंबरांकडे गेले. उत्तर मिळालं ते असं: माझ्याजवळची हालत कायम राहिली असती तर फरिश्त्यांनी तुमच्या बिछान्यावर आणि रस्त्यांत येऊन तुमच्याशी हस्तांदोलन केलं असतं. पण हंजला, एक घडी ही, एक घडी ती.

म्हणजे ज्यांना खुद्द पैगंबरांची सोहबत होती त्यांचाही ओलावा घरी ओसरत होता. ओसरणं हा बिघाड नव्हे. बिघाड सुरू होतो तो परत न जाण्यात. मी पोरांना एवढंच सांगतो की बयानानंतर रडू आलं का हे मोजू नका, पुढच्या जुम्म्याला पाय तिकडे वळले का ते मोजा.

मोबाईलमधल्या बुजुर्गाला साथी समजणं

रोज तासभर बयान ऐकणाऱ्या माणसाला वाटतं, आपली बैठक चांगल्या लोकांत आहे. ऐकण्यात वाईट काही नाही. पण तो आलिम तुम्हाला ओळखत नाही. 'मोमिन (ईमानवाला) मोमिनाचा आरसा' अशी हदीस आहे, आणि स्क्रीनवरचा माणूस तुम्हाला बघू शकत नाही. काल तुम्ही मशिदीत नव्हता हे तो कधीच विचारणार नाही.

चिंचेचं पान चावणं

ग्वाल्हेरच्याच हजिरा भागात सूफी संत शेख मुहम्मद गौस यांचा जाळीदार दगडी मकबरा आहे आणि शेजारीच गवई तानसेनची छोटी कबर. डिसेंबरात तानसेन समारोहाला गवई येतात. कबरीजवळच्या चिंचेचं पान चावलं की गळा गोड होतो, अशी जुनी समजूत आहे. मीही लहानपणी चावलं आहे; आवाज होता तसाच राहिला, दात मात्र आंबले. समारोहात गाणारे सगळे पान चावत असतीलही, पण त्याआधी त्यांची वर्षानुवर्षं पहाटेच्या रियाजात गेलेली असतात.

बुजुर्गांच्या बाबतीत आपण हेच करतो. हजरतांशी मुसाफा (हस्तांदोलन) केला, उरूसाला गेलो, त्यांच्या शेजारी बसून फोटो काढला, आणि असर आपोआप उतरेल म्हणून थांबलो. त्यांच्या पहाटेच्या वेळापत्रकातलं काही उचललं का, ते कोणी विचारत नाही.

मशिदीच्या पायऱ्यांवरची गीबत

इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजेनंतर पायऱ्यांवर बसणाऱ्यांत मी अजूनही असतो, म्हणून हे स्वतःलाही. नमाजी माणसं, सुन्नती लिबास, आणि विषय काय तर अमक्याच्या मुलीचं लग्न, तमक्याचं कर्ज, कमिटीचा हिशेब. गीबतीला, म्हणजे पाठीमागे निंदा करण्याला, कुरआनात मेलेल्या भावाचं मांस खाणं म्हटलंय (49:12), आणि ते आम्ही मशिदीच्या दारात खातो. कस्तुरी विकणारा आणि लोहाराचा भाता ही हदीस सगळ्यांना पाठ आहे: एकाजवळ बसलात तर सुगंध, दुसऱ्याजवळ कपडे जळतील किंवा धूर. बसणाऱ्याच्या डोक्यावर टोपी आहे का, हे त्यात नाही. बैठकीतून घरी गेल्यावर तुम्ही बायकोशी कसे बोलता, त्यावरून वास ओळखा.

घरच्या बायकांना विसरणं

पुरुषांची सोहबत मशिदीत आयती तयार असते. आमच्या भागातल्या बऱ्याच मशिदींत बायकांना जागा नाही, त्यामुळे घरची बाई वर्षानुवर्षं एकटीने पढते, आणि ती ढिली पडली की आपण तिलाच बोलतो. माझ्या बायकोने दोन शेजारणींबरोबर दर गुरुवारी असरच्या (दुपार कलतानाच्या) नमाजेनंतर कुरआन तरजुम्यासह (भाषांतरासह) वाचायचं ठरवलं. मी केलं ते इतकंच की त्या वेळी बैठकीची खोली रिकामी ठेवली आणि चहा केला. पहिला चहा फार गोड झाला होता.

घरातली आणखी एक बारीक गोष्ट. जानमाज (नमाजेची चटई) कपाटात नको, खुंटीवर दिसेल अशी हवी. आणि मोबाईल उशाशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

फक्त आपल्यांतच साथी शोधणं

हिजरतीच्या, म्हणजे मक्केहून मदिनेला जाण्याच्या वाटेवर, 622 मध्ये, जिवावर उठलेल्या मक्केतून बाहेर पडताना पैगंबर आणि अबूबक्र यांनी वाटाड्या म्हणून निवडलेला अब्दुल्लाह इब्न उरैकित मुसलमान नव्हता. भरवशाचा होता, रस्ता जाणत होता. ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली ती वरच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. देशस्थ घर, पहाटे उठून त्यांची पूजा. एका जूनमध्ये माझी फजर सलग सुटत होती. त्या दिवसांत इथे फजर पहाटे चारच्या आसपास लागते आणि रात्रभर उकाड्यात झोप नसते. काकू जिन्यात म्हणाल्या, "अजान होते, आणि तुमच्याकडे दिवा लागत नाही हल्ली. बरं आहे ना?" मुफ्तीसाहेबांनी विचारलं असतं तर काहीतरी सबब सांगितली असती. काकूंना काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी मी समोरच्या गल्लीतल्या सायकल दुरुस्तीवाल्या चाचांना गाठलं. तेव्हापासून ते जाताना माझ्या शटरवर दोनदा हात मारतात. जानेवारीच्या धुक्यातही मारतात, आणि मी आतून खोकून हजेरी देतो. गेल्या वर्षी चाचांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मीच त्यांच्या दाराशी जातो. त्यांच्या चालीने मशिदीत पोहोचेपर्यंत पहिली सफ भरलेली असते.