फोनवर डॅशबोर्ड येत नाहीये? गेम परत इन्स्टॉल करायच्या आधी या चुका टाळा

गेल्या रविवारी इंदूरला रामबागेत ताईकडे गेलो तर भाचा सकाळपासून पीसीवर एफ-वन हा कार रेसिंगचा गेम लावून बसलेला, गाडीचा स्पीड-गिअर दाखवणारा डॅशबोर्ड म्हणून स्टीअरिंगच्या मागे स्टँडवर फोन आणि फोनवर स्पीड शून्य, गिअर एन. "मामा, सगळं करून पाहिलं, काहीच येऊन नाही राहिलं." सगळं म्हणजे फोनवरचं डॅशबोर्डचं ॲप तीनदा काढून परत टाकलं, गेम परत डाउनलोड केला, वरून फायरवॉल, म्हणजे पीसीचा नेटवर्कवरचा पहारेकरी, पूर्ण बंद. पोराची अख्खी सकाळ गेली आणि चूक यातल्या कशातच नव्हती.

मी फोनमध्ये वायफायच्या नावावर दाबून आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघितला, १९२.१६८.०.१०५. पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाकलं तर १९२.१६८.१.७. तिथेच सापडलं. घर जुनं, भिंती जाड, वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून तिथे दुसरा राऊटर लावलाय, तो आपलं वेगळंच नेटवर्क बनवतो. फोन त्याच्यावर आणि पीसी केबलने खालच्यावर. इंटरनेट दोन्हीकडे मस्त चालतं म्हणून कुणाला शंकाच येत नाही. वरचा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता खालचंच पुढे नेतो, फोनला नवा पत्ता मिळाला, गेममध्ये तो भरला आणि पहिल्याच लॅपला आकडे पळायला लागले.

म्हणून आधी हे बघा की फोन आणि पीसीच्या पत्त्यातले टिंबांमधले पहिले तीन आकडे (जसं १९२.१६८.१) सारखे आहेत का, घरच्या राऊटरवर तेवढं बघितलं तरी बहुतेक वेळा पुरतं. गेस्ट वायफायवर फोन असेल तर आकडे कधी सारखे दिसूनही बोलणं होत नाही, कारण राऊटरच उपकरणांना एकमेकांपासून तोडतो. पीसीवर व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्याच वाटेने नेणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर तोही बंद करून बघा.

दुसरी चूक सगळ्यात जास्त होते आणि तिच्यावर कुणी नीट सांगत नाही, ती म्हणजे कोणाचा पत्ता कुठे भरायचा. एफ-वन किंवा फोर्झा या रेसिंग गेममध्ये गेम स्वतः डेटा पाठवतो, तर गेमच्या टेलिमेट्री (गाडीचे आकडे बाहेर पाठवण्याच्या) सेटिंगमध्ये फोनचा आयपी टाकायचा. एफ-वनमध्ये तिथे आधीपासून १२७.०.०.१ असतं, त्याचा अर्थ "मी स्वतः", म्हणजे पीसी स्वतःलाच पाठवत बसतो. एफ-वनचा पोर्ट, म्हणजे पत्त्यावरचा दार नंबर, २०७७७, तोच ॲपमध्येही हवा, आणि यूडीपी (गेम ज्या पद्धतीने डेटा पाठवतो ती) फॉरमॅटचं वर्ष ॲपला समजणारं ठेवा. सिमहब या पीसीवरच्या डॅशबोर्ड सॉफ्टवेअरचं उलटं आहे, तिथे सर्व्हर पीसीवर असतो आणि फोनच्या ब्राउझरमध्ये पीसीचा आयपी टाकून पुढे पोर्ट ८८८८ लिहायचा, सुरुवातीला एचटीटीपी, एचटीटीपीएस नाही. आयपीकॉन्फिगमध्ये चार-पाच पत्ते दिसले तर ज्याच्याखाली डिफॉल्ट गेटवे (राऊटरचा पत्ता) भरलेला आहे तो घ्या, १९२.१६८.५६.१ सारखा दिसला तर तो बहुधा व्हर्च्युअलबॉक्सचा, म्हणजे पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो.

यूडीपीचा स्वभाव लक्षात ठेवा, पोचलं की नाही हे पाठवणाऱ्याला कळतच नाही, त्यामुळे गेम कधीच एरर दाखवणार नाही, सगळं ऑन दिसेल आणि फोन गप्प. तपासताना गाडी ट्रॅकवर चालवा, मेनूत बसून नको.

आता फायरवॉल. गेम पीसीवरून बाहेर पाठवतो तेव्हा विंडोजची फायरवॉल सहसा अडवत नाही, ती आत येणाऱ्याला अडवते, म्हणजे सिमहबवाल्यांचा प्रॉब्लेम. पहिल्यांदा परवानगीची खिडकी येते आणि घाईत कॅन्सल दाबलं जातं, तिथेच त्या प्रोग्रामसाठी ब्लॉकचा नियम बनतो आणि नंतर कितीही अलाऊ केलं तरी ब्लॉकच जिंकतो. फायरवॉलच्या सेटिंगमधल्या इनबाउंड रूल्समध्ये जाऊन तो लाल निशाणीवाला नियम काढा आणि घरचं नेटवर्क पब्लिकवरून प्रायव्हेट करा. पण फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवू नका, प्लीज, त्याच पीसीवर घरच्यांचं बँकेचं कामही चालतं. पिंग (पीसी पोचतो का बघायची हाक) जात नाही म्हणून घाबरू नका, विंडोज बऱ्याचदा पिंगला उत्तर देतच नाही.

आयफोनवाले, आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला लोकल नेटवर्कची वेगळी परवानगी लागते, सेटिंग्जच्या प्रायव्हसीमध्ये बघा.

आणि काल चालत होतं, आज नाही? लाईट जाऊन राऊटर परत चालू झाला की पत्ते बदलू शकतात, तर राऊटरमध्ये फोनचा आयपी पक्का करून टाका, त्यासाठी फोनचा मॅक, म्हणजे राऊटर ज्याने फोन ओळखतो तो क्रमांक, लागतो. अँड्रॉइड १० पासून बऱ्याच फोनमध्ये प्रत्येक वायफायसाठी वेगळा बनावट मॅक असतो, म्हणून फोनच्या डब्यावर छापलेला नको, राऊटरच्या यादीत जो दिसतो तोच घ्या.